चाक आत, पाय भाईर

बसप्पाला जेवायला बोलावलं तरी तो उंबऱ्यात थांबून विचारतो, "तुमचा जिम्मा कुठपतूर?" उदगीरला माझ्या पुतणीच्या लग्नात पंगत लांबली, ह्याचं पान मांडवाच्या भाईर आलं. ह्यानं माझ्या भावाला हटकलं, "इथं ठसका लागून मेलो, तर कुणाच्या नावावर?" भावानं त्याचं ताट उचलून आत नेलं.

हे वेड त्याला लातूरच्या डाळ मिलमधी लागलं. आम्ही दोघं तिथं हमाल. तवा तुरीची धूळ अशी उडायची, की दुपारपतूर मालक कोण अन् हमाल कोण, कळायचं न्हाई. बसप्पा क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन गाणं म्हणायचा. आता तसा एक माणूस दाखवा मला.

एका सकाळी कामावर येताना ऐन गेटात ट्रकनं त्याची सायकल उडवली. पुढचं चाक आत, पाय भाईर. आम्ही सगळे आत हजेरीला उभे. बघितलं कुणीच न्हाई. मुनीम म्हणाला, "हा कामावर आलाच नव्हता." भरपाई गेली, पाय आखूड झाला. बसप्पा अजून सांगतो, "चाकाला मिळाली असती, मलाच न्हाई."

आता नवा कायदा आलाय. घरून कामावर येतानाचा अपघात बी कामावरचाच. मी त्याला वकिलाकडं नेलं.

"अप्पा, हा पुढच्यांसाठी," वकील म्हणाले. "जुन्याला लागू न्हाई. अन् त्यांना बी कामावरच निघालो होतो, हे दाखवावं लागतंय."

मला लई राग आला. बसप्पा जिना उतरताना एवढंच बोलला, "म्हंजे गवाह पायजे."

दुसऱ्या दिवसापासून हा स्टूल घेऊन मिलच्या गेटाभाईर. डाळ निवडायला येणाऱ्या बायांना दटावतो, "सरळ या गं. भाजीला वळलात की कायदा सुटला."

"अप्पा, मुकादम कधी झालात?" त्या हसत आत जातात.

वॉचमन म्हणतो, आत सावलीत बसा. हा हलत न्हाई, म्हणतो, आतून रस्ता दिसत न्हाई.

"तुला काय मिळणार हाय?" मी विचारलं.

त्यानं काठी जमिनीवर टेकवली. "इथंच पडलो होतो. बघणारं कुणी नव्हतं."

मी घरी आलो. सकाळी माझा बी स्टूल तिथं नेला. एकट्याची गवाही मुनीम मोडून काढतोय, दोघांची कशी काढील?

बसप्पानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. नजर रस्त्यावर ठेवून म्हणाला, "माणिक्या, तुझा एक पाय आत हाय. भाईर घे."