सब्जेक्ट नेरकरकाका

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी नेरकरकाका.

काका मूळचे सटाण्याकडचे. नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. काकू वारलेल्या, मुलगा नोकरीसाठी दूर बंगालात. अठ्ठ्याहत्तर साली मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, तेव्हा कॉलनीभर दवंडी पिटली ती त्यांनीच. "पगारेंची पोर वेड्यांचं शिकतेय! नोकरी कोण देणार, वेडे?"

पण प्रयोगासाठी प्रत्येकीला एक माणूस न्यावा लागे. त्याला सब्जेक्ट म्हणायचं. आई चुलीपुढून हलेना, भाऊ पळून गेला. शेवटी काकांना विचारलं.

"डोक्याला वायर नाही ना लावणार?"

"नाही हो काका. आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायची."

आठवड्याने काका सिटी बसने कॉलेजात हजर. पहिल्याच फेरीत चांदणी पुरी, चूक एकही नाही. मॅडम चकित. काका म्हणाले, "आठ दिवस दाढीच्या आरशात गिरवतोय. पोरीचे मार्क जायला नकोत!"

नवखा माणूस किती चुकतो आणि हळूहळू कसा शिकतो, हेच तर आम्हाला बघायचं होतं! मॅडमनी कपाळाला हात लावला. घाबरले की काका अहिराणीत शिरत. "हाई काय शे? चुकायचं होतं का?"

पुढच्या प्रयोगात मग ते प्रत्येक उत्तर मुद्दाम चुकले. हळूहळू मात्र माझा सब्जेक्ट तयार झाला. तीन वर्षांत त्यांनी एकही प्रॅक्टिकल बुडवलं नाही. मीच दोन बुडवली.

बी.ए. झालं आणि वडील म्हणाले, "बस झालं. आता बी.एड. कर, मास्तरीण हो." मला पुण्याला एम.ए. करायचं होतं. दोन दिवस मी नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी काका हातात कागद घेऊन आमच्या घरी आले.

"पगारे, ओझरच्या कारखान्यात विचारून आलो. माणसं निवडायला हे शिकलेले लागतात. इस्पितळात लागतात. शाळेत तर हेडमास्तरच म्हणाले, लवकर पाठवा कुणाला तरी. जाऊ द्या पोरीला."

"तुम्हीच म्हणत होता ना, वेड्यांचं म्हणून?"

"तेव्हा माझी तपासणी झाली नव्हती."

वडील हसले, आणि हसले तिथेच हरले.

निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तर काका टॉवेलची घडी घालत होते. घातलेली मोडत होते, पुन्हा घालत होते. मग म्हणाले, "पुण्यात सब्जेक्ट मिळेल ना गं? नाही, एसटी थेट आहे. मी येऊ शकतो."

काका माझ्या मार्कांसाठी येतात, असंच मी तीन वर्षं समजत होते. पण समोर बसून त्यांना काही विचारणारं, त्यांचं उत्तर लिहून घेणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मानसशास्त्र शिकून मला हे एवढं उशिरा कळावं, याची लाज वाटली.

हॉस्टेलभर मुली असणार, सब्जेक्टची काय वानवा! तरी मी म्हणाले, "कुठला मिळतोय काका? महिन्यातून एकदा तरी तुम्हालाच यावं लागेल."

काका लगेच कॅलेंडर काढायला उठले.