नग चौदा बाहेर आहे

डोंगरे काकांच्या घरात प्रत्येक वस्तूला नंबर आहे. पांढऱ्या ऑइलपेंटनं, सरकारी वळणाच्या अक्षरात. कपाटावर नग ३, पलंगावर नग ७, पाण्याच्या पिंपावर नग ११. चहाला गेलात तर कपाच्या बुडाशीही काहीतरी लिहिलेलं असतं. ‘नग २२ पैकी’. कपबशांचा अख्खा डबा मिळून एक नग, म्हणून ‘पैकी’. नवा पाहुणा ते वाचायला कप तिरपा करतो आणि चहा मांडीवर घेतो. काका शांतपणे म्हणतात, “सगळेच पाह्यतात. म्हणून मी अर्धाच भरून देतो.”

ट्रकवाल्यांच्या भाषेत नग म्हणजे मोजायचं एक सामान. मालाच्या पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, लिहितात: एकूण नग इतके. आमच्या वॉर्डात नग म्हणजे दुसरंच काही, आणि ते लोक काकांकडे बोट दाखवून सांगतात. काकांना हे पक्कं माहीत आहे. “माह्या घरात एकतीस नग हाय,” ते म्हणतात. “लोक बत्तीस मोजतात.”

काकांना मध्यप्रदेशातल्या आमच्या बालाघाटहून पुण्याला राहायला जायचं आहे. चार वर्षांपासून जायचं आहे. पुण्यात त्यांचा मुलगा प्रशांत, सून आणि एक नातू. काकू वारल्या तेव्हा पंधरा दिवसांच्या आत प्रशांत म्हणाला होता, “बाबा, आता इथं एकटे कशाला? तिकडंच चला.” त्याच आठवड्यात काकांनी फाईल उघडली. वर लिहिलं, ‘स्थलांतराचे अंदाजपत्रक: बालाघाट ते पुणे’. सध्या सातवं ‘सुधारित’ चालू आहे.

काका सिंचन खात्यात ट्रेसर होते. साहेबांनी काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचा, एवढंच काम, आणि ते सगळी नोकरीभर केलं. दुसऱ्यानं आखलेल्या कालव्याची रेघ आपल्या हातून केसभर सरकू द्यायची नाही. असा माणूस सामान बांधायला घेतो तेव्हा काय होतं, ते मी दोन घरं सोडून राहत असल्यामुळे रोज बघते.

मी पत्रकं काढते. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. वाचनालयाला कुलूप, काढा पत्रक. बसस्टँडवरच्या बायकांच्या संडासाला आतून कडी नाही. त्यावर तर तीन काढली. हिंदीत काढते, कारण आमच्याकडे घरात मराठी बोलणारेही छापलेलं हिंदीच वाचतात. फक्त काका म्हणतात, “मराठीत बी काढत जा. वाचणारा मी हावो ना एक.” मला ते नावानं हाक मारत नाहीत. “जयभीम, आंदोलन! आज कोनावर?” अशी सुरुवात. आणि दर वेळी तोच विनोद: “तुह्यं ते पत्रक, माह्यं ते अंदाजपत्रक. फरक इतकाच का तू अंदाज न घेता छापते.”

मी हसायचे. कारण मला वाटायचं, अंदाज घेत बसणाऱ्यांमुळेच या गावाची अशी अवस्था आहे.

ते अंदाजपत्रक एकदा वाचण्यासारखं आहे. गोंदियापर्यंत छोटा टेम्पो, तिथून मोठा ट्रक. हमाल चार. हमालांचा चहा बालाघाटात दोनदा, पुण्यात तीनदा, शेरा: ‘तिथला कप लहान असतो असे कळते’. बुद्धाची मूर्ती ट्रकमध्ये नाही, मांडीवर. नग ३१ म्हणजे चिन्नोर तांदळाचं एक पोतं, कारण पुण्यात ‘वासाचा तांदूळ मिळेलच याची शाश्वती नाही’. दर साली नवं धान निघालं की नवं पोतं येतं, त्यावर ३१ पडतो आणि जुन्या पोत्यातला तांदूळ वाट्यावाट्यांनी वॉर्डात वाटला जातो. चार वर्षं आम्ही सगळे काकांचा पुण्याला जाणारा तांदूळ खातो आहोत.

खर्चाप्रमाणे वेळेचंही अंदाजपत्रक आहे. सामान चढवणे, दोन तास. दारंखिडक्या तपासणे, पंधरा मिनिटं. शेजाऱ्यांचा निरोप, वीस मिनिटं. त्याखाली, ‘रडारड (असल्यास) : दहा मिनिटे’.

हे ‘असल्यास’ काकांचं आवडतं. सरकारी कागदातून आलं आणि जिभेवर राहून गेलं. “साखर घालू का, असल्यास?” “पाहुणे आले असल्यास मी नंतर येतो.” एकदा त्यांना ताप होता. मी विचारलं, जेवलात का? म्हणाले, “भूक असल्यास जेवलो असतो.”

पण सात सुधारित होऊनही निघणं का होत नाही? त्याचं उत्तर सगळ्या वॉर्डाला पाठ आहे. नग बाहेर आहे. शिडी, म्हणजे नग १४, रोशनी भाभींकडे. इस्त्री शेंद्रे काकूंकडे. मोठं पातेलं कुणाच्या तरी लग्नात गेलं ते तिकडंच संसाराला लागलं. “एकतीस लिहाचे अन् तीस चढवाचे?” काका विचारतात. “नग बाहेर असल्यावर बिल्टी कटत नाई, पोरी.” दर रविवारी प्रशांतचा फोन येतो तेव्हा काका ओसरीत उभे राहून, गल्ली ऐकेल अशा आवाजात बोलतात, “हौ हौ, येतो ना! नग चौदा बाहेर हाय! आला का निघालो!”

हे ऐकून ऐकून मागच्या महिन्यात माझं डोकं सटकलं. एक म्हातारा माणूस चार वर्षं मुलाकडे जाऊ शकत नाही, का, तर लोक नेलेली वस्तू परत करत नाहीत! काका भिडस्त, मागणार नाहीत. मग मागायचं कुणी? मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. वर ठळक अक्षरात, ‘डोंगरे काका का सामान लौटाओ!’ खाली, ‘एक बुज़ुर्ग का रास्ता आपकी सीढ़ी ने रोक रखा है.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं. झेरॉक्स काढल्या आणि रविवारी सकाळी घरोघर निघाले.

रोशनी भाभींनी पत्रक वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. “बेटा, हमने तो सीढ़ी माँगी ही नहीं थी. काका खुद रख गए. बोले, रहने दो, बरसात में काम आएगी.”

“तो बरसात के बाद लौटानी थी ना!” मी म्हणाले.

“लौटाने गई थी. चाय पिलाई, इधर-उधर की बातें की, और सीढ़ी वापस मेरे ही कंधे पर रख दी.”

शेंद्रे काकूंनी तेच सांगितलं, मराठीत. “इस्त्री मी दोनदा नेऊन देल्ली वं. तं म्हणते, पुढच्या आयतवारी आन. आयतवारी गेली तं म्हणते, चहा घे, इस्त्री राहू दे तुह्याकडंच.”

एवढं ऐकल्यावर कुणीही शहाण्या माणसानं थांबून विचार केला असता. मी केला नाही. मला वाटलं, लोक सबबी सांगतात. माझ्या कामात रोजचंच आहे ते. दुपारपर्यंत मी एका हातगाडीवर शिडी, इस्त्री, पातेलं, दोन खुर्च्या, खलबत्ता आणि एक पंखा असं सगळं रचून काकांच्या दारात आणलं. घामानं निथळत होते. विजय मिळाल्यासारखी ओरडले, “काका! एकतीसच्या एकतीस!”

काका बाहेर आले. शिडीवरचा १४ बघितला. पंख्यावरचा १९ बघितला. खिशातून चष्मा काढून पुन्हा बघितलं, जणू नंबर चुकीचा निघाला तर बरं.

“सगळे?” ते म्हणाले.

“सगळे. आता लावा प्रशांतदादाला फोन. म्हणा, ट्रक सांगतो. मी लावू का?”

“नको.”

“काका, आता कोणती सबब?”

मी हे असंच बोलते. सभेत टाळ्या पडतात. काकांच्या दारात नुसती हातगाडी कुरकुरली.

ते आत गेले. मीही मागोमाग गेले, अजून जिंकलेल्याच ऐटीत. त्यांनी फाईल काढली, पण अंदाजपत्रक उघडलं नाही. तळाशी एक गुंडाळी होती, ती पलंगावर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर चार कप ठेवले. ट्रेसिंग पेपर होता. प्रशांतच्या घराचा नकाशा. पहिल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर सुनेच्या हातात टेप देऊन त्यांनी त्या घराची मापं घेतली होती. “सूनबाई, टेप ढिला हाय,” हे त्यांचं ओरडणं तेव्हा मीच ऐकलं होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, हातभर बाल्कनी. कपाट, टेबल, नातवाचा पलंग, सगळं शाईत.

एकच गोष्ट पेन्सिलीत होती. एक चौकट, तिच्यात लिहिलेलं ७.

“पलंग,” काका म्हणाले. “सहा बाय तीन. इथं ठेवला तं बाल्कनीचं दार उघडत नाई. इथं ठेवला तं पोराच्या अभ्यासाच्या टेबलाची खुर्ची मांगं सरकत नाई. इथं ठेवला तं सूनबाईले रात्री पाण्याले उठाचं तं माह्यावरून जा लागन.” त्यांचं बोट कागदावर फिरत होतं. प्रत्येक जागी पुसून पुसून कागद पातळ झाला होता. खिडकीखाली तर भोकच पडलं होतं. त्यातून खालची चादर दिसत होती.

“मग लहान पलंग घ्या की,” मी म्हणाले.

“घेतला ना. इथं पाह्य. अडीच फुटी बी काढला मी.” अडीचचीही पुसट चौकट होती.

“प्रशांतदादा काय म्हणतो?”

काकांनी एक कप उचलला. कागदाचा कोपरा आपोआप गुंडाळून आला.

“त्यानं म्हटलं होतं ना, चला. पंधरा दिवसाच्या आत.” कोपरा सरळ करत म्हणाले, “मंग एकदा म्हणे, जागेचं पाहतो बाबा. दोन वर्षं झाले. त्यानं नाई म्हटलं नाई हं. मीनं बी विचारलं नाई.”

“पण दर रविवारी तुम्ही फोनवर...”

“तो तब्येत विचारते,” काका म्हणाले. “पुण्याचं मीच बोलतो.”

गल्लीला ऐकू यायचं ते या टोकाचं. त्या टोकाचं आम्ही कुणी कधी ऐकलंच नव्हतं. नग बाहेर होता म्हणून काका जात नव्हते, असं चार वर्षं सगळा वॉर्ड मानत होता आणि त्या कारणात कुणाचीच चूक ठरत नव्हती. मुलाची तर नाहीच. आणि मी एका सकाळी, झेरॉक्स काढून, तेवढा आडोसा पाडून टाकला होता. वर हातगाडीवर घालून त्यांच्याच दारात आणून ठेवला होता.

मला राग आला. माझं ते नेहमीचंच. पण हा राग कोणावर काढायचा ते कळेना. प्रशांतवर? दोन खोल्यांत चार माणसं कशी बसवायची हे मलाही आखून दाखवता आलं नसतं. याचं पत्रक होत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला पहिली ओळ सुचली नाही.

काका कागद गुंडाळत होते. पाठमोरेच म्हणाले, “चहा ठेवतो. वेळ असल्यास.”

चहा घेतला. या वेळी कप काठोकाठ भरला होता. मी तिरपा केला नाही. मग उठून म्हणाले, “काका, मला शिडी पाहिजे.”

“काहून?”

“पोस्टर लावायचेत. वाचनालयाचे. उंच लावावे लागतात, नाहीतर फाडतात.”

“आत्ताच तं आनली तू.”

“घाई झाली माझी. अंदाज घेतला नाही.”

 काकांनी खुंटीवरची वही काढली. बाहेर गेलेल्या नगांची वही. नग १४, शिडी. नेणाऱ्याचं नाव या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘आंदोलन’. शेवटचा रकाना परतीच्या तारखेचा होता. पेन तिथं थांबलं.  मग सरकारी वळणात, सावकाश लिहिलं, ‘असल्यास’.

शिडी चांगलीच जड होती. खांद्यावर घेऊन मी फाटकाबाहेर पडले तेव्हा शेंद्रे काकू कुंपणाशी उभ्या होत्या. माझं पत्रक अजून त्यांच्या हातात होतं. “काय काका,” त्यांनी विचारलं, “सामान तं सगळं आलं म्हन्ते! कधी निघता मंग पुण्याले?”

आणि माझ्या पाठीमागून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा, काकांचा रविवारचा आवाज आला.

“कसा निघू बाई? नग चौदा बाहेर हाय!”