तक्रार क्रमांक एकशे बारा

आमच्या शेजारचे कांबळेकाका फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. सरळ म्हणतात, "तक्रार क्रमांक एकशे बारा. आपण मोकळे आहात का?"

मी मोकळा नसतो. घरून काम करतो, आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत घरून काम करणारा माणूस रिकामटेकडाच समजला जातो. शिवाय मी बँकांची सॉफ्टवेअर लिहितो आणि काकांचं दुखणं ग्राफिक्स कार्डाचं. "अहो, खातं एकच," काका म्हणतात.

काका टेलिफोन खात्यात, तक्रार विभागात होते. निवृत्त झाल्यावर घरच्या कॉम्प्युटरसाठी त्यांनी नवं रजिस्टर घातलं. तरुणपणी डोळ्यांपायी खडकवासल्याची लष्करी अकादमी हुकली, म्हणून आता ते स्क्रीनवर विमानं उडवतात. त्यासाठी स्क्रीनवर चित्रं उमटवणारं ते कार्ड आहे त्या वेगाने पुरत नाही. एका सॉफ्टवेअरने ते ताणून पळवतात. किती पळवायचं, त्याला थंड ठेवणारा पंखा किती फिरवायचा, हे आकडे प्रोफाइल म्हणून साठवता येतात. काकांची दोन प्रोफाइलं. पहिलं सुरळीत चालतं. दुसरं उघडलं की सॉफ्टवेअर धाडकन बंद. हीच तक्रार क्रमांक एकशे बारा. एका अपडेटनंतर हे सुरू झालं, त्याला चार महिने झाले.

आम्ही काय केलं नाही? सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा घातलं, जुनी आवृत्ती शोधून आणली, ड्रायव्हर बदलला. दर वेळी धाडकन. काका शांतपणे "नोंद घेतली" म्हणायचे आणि रजिस्टरात लिहायचे. मला रडू यायचंच बाकी होतं.

परवा दुपारी काकांकडे बसून, वैतागून मी प्रोफाइलची फाइलच उघडून बघितली. आत निव्वळ कचरा. आकडे अपडेटने केव्हाच खाल्ले होते.

"काका, हे मेलंय. खोडून टाका, नवीन करू. दहा मिनिटांचं काम."

काकांनी रजिस्टरचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

तक्रार क्रमांक एक. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज, दुपारी दोन ते चार झोप लागत नाही. तक्रारदार: सुमन कांबळे. निवारण: प्रोफाइल दोन. शेरा: 'आता बरं.' खाली काकूंची वाकडीतिकडी सही.

काकूंना जाऊन वर्ष होत आलं. शेवटचे महिने त्या याच खोलीत, कॉम्प्युटरशेजारच्या कॉटवर होत्या.

"मी पंख्याचा वेग थोडा थोडा उतरवत होतो," काका म्हणाले. "ती डोळे मिटून 'अजून, अजून' करत होती. मग म्हणाली, आता बरं."

"आकडे लिहून नाही ठेवले?" जन्मभर नोंदी केलेल्या माणसाला मी हे विचारलं. माझी मलाच लाज वाटली.

"प्रोफाइलात होते ना."

"मग पुन्हा तसाच उतरवत जाऊ. सापडतील."

"सापडतील हो. सही कोण करणार?"

काकांनी कॉम्प्युटर बंद केला, रजिस्टर मिटलं आणि मला सोडायला खोलीबाहेर आले. अडीच वाजले होते. रिकाम्या खोलीकडे एकदा बघून त्यांनी दार ओढून घेतलं, कडीचा आवाज होणार नाही इतकं हळू.