पश्चिम नामंजूर

वास्तुशांतीला लोक पाकीट आणायचे, स्टीलचा डबा आणायचे. कादरभाई करंजाचं रोप आणि कुदळ घेऊन यायचे. यजमान होमापाशी अडकलेला असायचा, आणि हे त्याला न विचारता घराच्या मागं खड्डा खणत असायचे.

भोरच्या बाहेर, पुण्याच्या रस्त्याला आमची कॉलनी नवी झाली तेव्हा सगळ्यांनी हौसेनं स्लॅबची घरं बांधली. झोपायच्या खोल्या झाडून साऱ्या पश्चिमेला! कादरभाई वेल्ह्याच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. त्यांनी माझ्या भिंतीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "पश्चिम नामंजूर." मग करंज लावला, चर काढून न्हाणीचं पाणी त्याच्या मुळाशी सोडलं, आणि साबण कमी लावायची तंबी दिली. माझ्या अंगाला साबण किती, हे आता कचेरी ठरवणार! पण झाड वाढलं, उन्हाळ्यातही दुपारची झोप लागायला लागली, तसं माझं तोंड बंद झालं.

गंमत म्हणजे खुद्द कादरभाईंची पश्चिम उघडीच. डोक्यावर ओला पंचा टाकून, ऊन तोंडावर घेत हा गृहस्थ रोज संध्याकाळी खिडकीत बसायचा. विचारलं तर म्हणायचे, "आमचं प्रकरण विचाराधीन हाय."

शेवटी आम्हीच मनावर घेतलं. एका पावसाळ्यात ते बाजाराला गेलेले बघून कॉलनीनं त्यांच्या खिडकीसमोर करंज लावून टाकला.

कादरभाई आले, रोपाकडे बघत राहिले. आता नामंजूर म्हणणार, म्हणून आम्ही हसायच्या तयारीत होतो. ते हळूच म्हणाले, "लई चांगलं केलंत. फकस्त जरा बाजूला घ्या. हे वाढलं म्हंजे यष्टीचा थांबा दिसायचा न्हाई. सलीम येतो म्हनलाय."

सलीम त्यांचा एकुलता मुलगा, पुण्यात नोकरीला. आई गेली तेव्हा येऊन गेला, तेवढाच. कॉलनीतला एकमेव फोन आमच्याकडे. त्याचा 'येतो' हा निरोप मीच घेतला होता, तोही मागच्या ईदला. मला फार वाईट वाटलं.

रोप आम्ही बाजूला लावलं. त्यानंतर संध्याकाळच्या गाडीच्या वेळी मीही पंचा भिजवून त्यांच्याशेजारी बसायला लागलो. गाडी थांबायची, माणसं उतरायची, आपापल्या घरी जायची.

"पुढची तारीख पडली," कादरभाई म्हणायचे, आणि चहा टाकायला उठायचे.