गुणाजी पांढरे आणि गेंड्याचा ताप

एका जंगलात एक गेंडा होता, आणि त्या गेंड्याच्या आत आणखी एक जंगल होतं. हसू नका. आपली गोष्ट आतल्या जंगलातली आहे. बाहेरच्या जंगलातल्या सगळ्या गोष्टी आम्ही गोष्टवाल्यांनी सांगून सांगून कधीच संपवल्यात.

आतल्या जंगलात रक्ताच्या नद्या होत्या. काठाकाठाने साध्यासुध्या पेशींची घरं होती. आणि नद्यांतून गस्त घालायचे पांढऱ्या पेशींचे शिपाई. सगळ्यांचं आडनाव पांढरे. त्यातलाच एक गुणाजी पांढरे.

पांढऱ्यांना डोळे नव्हते, कान होते ते गप्पांपुरते. अकलेबद्दल गुणाजी स्वतःच म्हणायचा, "ती वाटत होते तेव्हा आमचं घराणं गस्तीवर होतं." त्यांना कळायचा तो फक्त वास. कुठे जंतू शिरले की तिथली पेशी एक वास सोडायची. त्याला म्हणायचे सांगावा. शिकलेले लोक त्याला सायटोकाइन म्हणतात, म्हणोत बापडे. सांगावा आला की पांढऱ्यांनी तिकडे धावायचं, आणि धावता धावता आपणही दोन सांगावे सोडायचे, अशी रीत होती. आधी खात्री करावी, असं रीतीत कुठे नव्हतं.

दुसरा एक सांगावा होता, 'पुरे, आता आवरा' असा. तो सोडायची शेवंताआक्का. मेलेल्यांना गिळून जागा साफ करायची, हे तिचं काम. तिचा सांगावा मंद वासाचा. तो कोणी पुढे धाडत नसे.

"त्यात काय मजा?" गुणाजी म्हणायचा.

एके दिवशी गेंडा करवंदीच्या जाळीत घुसला आणि त्याच्या कानामागे काटा रुतला. ज्याच्या कातडीच्या नावाने आपण निगरगट्ट माणसाला हिणवतो ना, त्यालाही कानामागे मऊ जागा असते बरं का. काट्याबरोबर चार-दोन जंतू आत आले. तिथल्या पेशीने सांगावा सोडला.

गुणाजीला वास लागला. "धावा! घात झाला!" त्याने बोंब ठोकली. तेव्हा तो मानेपर्यंतही पोचला नव्हता.

पांढऱ्यांची ही झुंबड उडाली. चार-दोन जंतूंचा बघता बघता फडशा पडला. एक तर गुणाजीने स्वतःच मटकावला. आता खरं म्हणजे घरी जायचं. पण वास काही कमी होईना. उलट वाढतच चालला.

"जंतू कुठे आहेत रे, महिपत?" गुणाजीने चुलतभावाला विचारलं.

"मला काय विचारतोस? तूच तर सांगावा धाडलास!"

"मी? मला तर तुझा आला!"

महिपतने क्षणभर विचार केला. "दोघांनाही आलाय म्हणजे खराच असणार," तो म्हणाला.

गुणाजीला ते तंतोतंत पटलं. दोघांनी आणखी सांगावे सोडले. जंतूंवर ओतायचं तेजाब सगळे मिळेल त्या दारात ओतू लागले. एका घरातली पेशी कळवळून म्हणाली, "अहो, मी इथलीच आहे! गेंड्याचीच आहे!"

"जंतू असंच म्हणतात," गुणाजी म्हणाला, आणि त्याने तिच्या दारात तेजाब ओतलं.

नद्या तापल्या. काठ पाझरू लागले आणि पाणी ओसरू लागलं. बाहेर गेंडा चिखलात आडवा पडून थडथड कापत होता. गेंडा मेला तर आतलं जंगल खलास, पांढऱ्यांसकट. एवढं तर गुणाजीलाही कळत होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ठरवलं, या सगळ्याच्या मुळाशी जो मोठा जंतू आहे त्यालाच गाठायचं.

सगळ्यात उग्र वास हुंगत तो निघाला. कानामागून मानेवर, मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून परत कानामागे. वास सारखा अंगाशी, पण जंतू काही सापडेना. दमून तो थांबला. वासही थांबला. तो सरकला, वासही सरकला.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो वास त्याचा स्वतःचाच होता.

"वा गुणाजीराव!" तो म्हणाला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्याला ठार मारायला निघालो, तो महाभयंकर शत्रू हा होय?" तो खदखदून हसला. मग त्याला त्या पेशीचं दार आठवलं आणि हसू आटलं. फार वाईट वाटलं त्याला.

तो आक्काकडे गेला. "आक्का, तुझा सांगावा जरा जोरात सोड की गं!"

"कधीची सोडतेय. तुमच्या बोंबेपुढे तो लागतोय कोणाला? तो वाढतो एकाच गोष्टीने. एखादा पांढरा आपणहून गप्प झाला, मिटला आणि मी त्याला गिळलं, की मग माझा वास दूरवर दरवळतो."

गुणाजीने जरा विचार केला. "महिपतला विचारून बघू का?"

आक्का त्याच्यापुरती जागा झाडू लागली.

गुणाजीला भीती वाटली. चांगलीच वाटली. "लढताना मेलो असतो तर नाव तरी झालं असतं," तो म्हणाला. "असं गप्प बसून मेल्यावर होईल का गं?"

"नाही रे बाबा," आक्का म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे.

"मग आटप लवकर. नाहीतर माझं मन बदलेल, आणि पाठोपाठ तोंडही उघडेल."

तो आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. अंग आक्रसून मिटला. आक्काने त्याला अलगद पोटात घेतलं, आणि तिचा मंद वास पसरत पसरत महिपतपर्यंत पोचला.

"आवरावं वाटतं," महिपत जांभई देत म्हणाला. त्याचं ऐकून बाकीचेही पांगले. नद्या निवल्या. गेंडा उठला, पाणी प्यायला आणि भेटेल त्याला सांगू लागला, "काटा? मला? आपली कातडी आहे म्हटलं!"

आत महिपतचा जंगी सत्कार झाला. 'ज्यांच्या सांगाव्याने गेंडा वाचला' असं त्याचं कौतुक झालं. आक्का झाडलोट करत होती, तिला कोणी बोलावलं नाही. भाषणाच्या शेवटी महिपतने गळ्यातला हार सारखा केला. "एकाच गोष्टीची लाज वाटते," तो म्हणाला. "आमचा गुणाजी ऐन लढाईत पळून गेला."

तात्पर्य : वेळीच गप्प बसणाऱ्यामुळे जग वाचतं म्हणतात. वाचत असेल. पण मुलांनो, तुम्ही आपले कळो न कळो, ओरडत राहा; निदान सत्काराला हजर राहता येतं. मी जन्मभर हेच केलं, आणि बघा, तात्पर्य सांगायला मीच उरलोय.