नखाने ओरखडा उठतो

खडेकाकांनी जन्मभर डोंगर पालथे घातले, आणि हाती काय लागलं? तांदळाएवढा एक दाणा. तांबं, चांदी आणि सेलेनियम यांचं करड्या चकाकीचं खनिज. पण दुसरा दाणा जगात कुठे नाही! संग्रहालयाने मान्यता दिली की नाव ठेवायचा मान काकांचा, आणि नाव तर ठरलेलंच होतं.

"लग्न झाल्यापासून तुमचे दगड पुसतेय," बायको म्हणाली. "एक तरी माझ्या नावावर होऊ द्या."

मान्यतेसाठी संग्रहालयाची तज्ज्ञ समिती बसली. खनिज मऊ असून नखाने ओरखडा उठतो, असं काकांनी कळवलं होतं. अध्यक्षांनी अंगठ्याच्या नखाने ओरखडून पाहिलं. उठला. मात्र नियमानुसार प्रत्येक सदस्याची व्यक्तिशः खात्री होणं आवश्यक होतं, म्हणून सगळ्यांनी ओरखडलं. उपाध्यक्षांनी तर दोनदा, कारण पहिल्या वेळी त्यांचं लक्ष चहाकडे होतं.

काकांनी दाण्याच्या बशीवर हात धरला. "अहो साहेब, संपेल ना तो!"

"संपतोय म्हणजेच मऊ आहे. तुमच्याच बाजूचा पुरावा गोळा करतोय आम्ही," अध्यक्ष म्हणाले.

मग खनिज फरशीवर घासलं की काळी रेघ उमटते का, हे पाहायचं होतं. उमटली. झकास उमटली, म्हणून अध्यक्षांनी त्या दाण्यानेच कागदावर सही ठोकली. तापवल्यावर सेलेनियममुळे सडक्या मुळ्याचा वास यायला हवा, तोही आला. एका सदस्याला सर्दी होती, त्याच्यासाठी पुन्हा तापवलं. सकाळी 'दुर्मीळ' असलेलं खनिज दुपारी 'अतिदुर्मीळ' वर्गात गेलं.

"अभिनंदन, काका! बढती!" उपाध्यक्ष म्हणाले.

संध्याकाळी समितीने एकमताने मान्यता दिली, तेव्हा बशी रिकामी होती. आता आली का पंचाईत! मान्यताप्राप्त नमुना काचेत ठेवणं बंधनकारक. शोधाशोध झाली, आणि अध्यक्षांच्या अंगठ्याच्या नखाखाली एक करडा कण चमकला. कोरून काढावा तर उडून जायचा. शेवटी अंगठा काचपेटीत ठेवण्यात आला, मागोमाग अध्यक्षही.

बायको नवी साडी नेसून पाहायला आली. पेटीवर तिचं नाव होतं, आत अध्यक्ष डुलक्या काढत होते.

"अहो, माझ्या नावाखाली हा कोण बाबा बसवलाय?" ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

त्या दिवसापासून काका दारातच उभे असतात, हातात नेलकटर घेऊन. संग्रहालय सर्वांना खुलं आहे, तुम्हीही जरूर या. खरंच नखाने ओरखडा उठतो का हो, असं तुमच्या मनात आलंच असेल. आलं ना? मग करा बोटं पुढे.