अण्णांच्या खिशातली चिंच

अण्णा तांबट म्युझियममध्ये जाताना खिशात चिंच न्यायचे. खायला नव्हे हो, तिथली भांडी घासायला!

दोन हजार चार सालची गोष्ट. अमेरिकेत ॲन आर्बरला त्यांच्या मुलाचं घर आमच्या मुलाच्या घराला लागून. पुण्यात चाळीस वर्षं तांब्या-पितळेची भांडी ठोकलेला माणूस, अन् इथे बघावं तिकडे प्लॅस्टिक! मग रोज बसनं म्युझियम. मीही जायची, फुकटात ऊब मिळते म्हणून.

तिथल्या पुतळ्यांनाही अण्णा सोडत नसत. "ठोकून सांगतो वहिनी, याच्या नाकाला पोचा आहे. दहा मिनिटांचं काम!"

पण खरा राग एका कोरियन झारीवर. काशाची, बौद्ध भिक्षूंची, आठशे वर्षांची. उंच, सडपातळ मान, बाजूला झाकणाची तोटी, अन् अंगभर हिरवं चढलेलं. लोक त्या हिरव्यावर भाळायचे. अण्णा भडकायचे, "ही शोभा नव्हे, आळस आहे! आठशे वर्षांत एका सुनेनं चिंच लावली नाही?"

एके दिवशी तिथं कामाला असलेली मिन-जी नावाची कोरियन मुलगी काचेची पेटी उघडून काहीतरी तपासत होती. झालं! अण्णा चिंचेचा गोळा घेऊन धावले. गार्डनं मनगटच धरलं. "सर, यू कान्ट कम हिअर अगेन."

अण्णांचा चेहरा पडला. रोज जायला त्यांना दुसरी जागा कुठली?

"व्हॉट इज धिस?" मिन-जीनं मला विचारलं.

"टॅमरिंड. फॉर क्लीनिंग." माझं इंग्रजी टीव्हीवर शिकलेलं.

पोरगी हसून हसून वाकली. मग समजावून सांगू लागली, मी जमेल तसं मराठीत सांगत गेले. हे हिरवं म्हणजे झारीचं वय, ते घासायचं नसतं. घाट मूळचा भारतातला, भिक्षूंबरोबर तिकडे गेलेला.

"म्हणजे आमच्याच आळीचा माल!" अण्णा खुलले.

पाणी बाजूच्या तोटीतून भरायचं, अन् मानेच्या टोकातून बारीक धार सोडायची. करुणेच्या बोधिसत्त्वाच्या हातात हीच असते म्हणे, तहानलेल्यांसाठी.

अण्णा झारीच्या मानेकडे बघत राहिले.

"वहिनी, आमच्या हिला शेवटचं पाणी मी चमच्यानं पाजलं. सगळं उशीवर सांडलं. जन्मभर भांडी घडवली, पण अशा धारेचं एक नाही घडवलं."

याचं इंग्रजी मला काही जमेना. पण मिन-जी त्यांच्याकडेच बघत होती. तिनं गार्डला हातानंच 'राहू दे' म्हटलं, अन् स्वतःची खुर्ची ओढत आणून झारीसमोर ठेवली.